मदत हवी आहे: टर्बो इंजिनाला रिंग गॅप किती ठेवू?

मंडळी, ८६ मिमी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) असलेलं चार सिलिंडरचं इंजिन ट्रॅकसाठी पुन्हा बांधतोय. मागच्या वेळी पिस्टनवरच्या वरच्या रिंगला ०.३५ मिमी गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) ठेवली होती. साध्या इंजिनाला ती चालून गेली असती, पण टर्बोच्या उष्णतेने रिंग फुगली आणि टोकं एकमेकांना भिडली. उघडल्यावर दोन्ही टोकं आरशासारखी चकचकीत, आणि बोअरवर उभे ओरखडे! चूक माझीच.

आता नवा बोअर, नव्या रिंगा. वरची ०.५० करावी म्हणतो, म्हणजे बोअरच्या दर मिमीला साधारण ०.००६. खरा घोळ दुसऱ्या रिंगचा आहे. तिची गॅप वरचीपेक्षा जास्त ठेवली की मधे अडकलेला दाब खाली निघून जातो आणि वरची रिंग खाचेत फडफडत नाही, हे पटतं. पण ०.५५ पुरे, की ०.६० करू?

रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवूनच फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावतो. कानस बाहेरून आत चालवतो, नाहीतर रिंगवरचा मॉलीचा (मॉलिब्डेनमचा) थर उडतो. (एक रिंग अशीच घालवली आहे.)

आणखी एक, मॉली रिंगसाठी होनिंगचा (बोअर दगडाने घासण्याचा) शेवटचा हात किती बारीक दगडाने द्यावा? स्वतः असं इंजिन बांधलेल्यांनी प्लीज सांगा.