मूत्रपिंडाचे कार्य सतत मोजणारे उपकरण: त्वचेवरच्या पट्टीने नेमके काय मोजावे?

प्रश्न (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

नमस्कार. मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या मे महिन्यात शेतातून परतताना माझ्या मोठ्या काकांना उष्माघात झाला. दवाखान्यात दाखल केले त्या दिवशी रक्तातील क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडांचे काम तपासतात तो टाकाऊ पदार्थ) १.१ आले, म्हणजे सामान्य, त्यामुळे आम्ही सारे निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी तेच ३.८ झाले होते आणि दोन वेळा डायलिसिस करावे लागले. काका आता बरे आहेत, परंतु मधल्या दोन दिवसांत मूत्रपिंडे बिघडत असताना आम्हाला काहीच कसे कळले नाही, हा प्रश्न मला सोडत नाही.

म्हणून आमच्या गटाने घामातील क्रिएटिनिन सतत मोजणारी, दंडावर चिकटवायची पट्टी प्रकल्पासाठी निवडली आहे. ही दिशा योग्य आहे का? प्रकाशावर चालणारा संवेदक वापरला, तर आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर तो चुकेल का?

उत्तर १ (मूत्रपिंडविकारतज्ज्ञ)

तुमची तळमळ योग्य आहे, पण निवडलेला पदार्थ योग्य नाही, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडांचे काम अचानक पूर्ण थांबले, तरी रक्तातील क्रिएटिनिन साधारणपणे दिवसाला १ ते १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकेच चढते, कारण ते हळूहळू साठत जाते. काकांचा पहिला आकडा चुकीचा नव्हता. तो आदल्या दिवसाच्या मूत्रपिंडांचे वर्णन करत होता. तेव्हा दर मिनिटाला क्रिएटिनिन मोजणारी पट्टी बनवली, तरी ती तीच उशिराची बातमी दर मिनिटाला देत राहील. सतत मोजणे आणि लवकर कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातील संशोधनाचा खरा पेच इथेच आहे. त्यात घामातील प्रमाण घाम किती वेगाने येतो यावरही बदलते. मे महिन्यातल्या नागपुरात ते कसे वागेल याची कल्पना करून पाहा.

मोजायला हवा तो गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर. त्यासाठी शरीराबाहेरून असा रेणू द्यावा लागतो, जो केवळ मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडतो. पूर्वी इन्युलिन वापरत, आता आयोहेक्सॉल किंवा किरणोत्सर्गी डीटीपीए वापरतात. अमेरिकेतील मेडिबीकन या कंपनीने रेल्मापायराझिन नावाचा चमकणारा रेणू शिरेतून देऊन त्याची चमक त्वचेवरील संवेदकाने टिपण्याची पद्धत विकसित केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिला तेथील एफडीए या औषध नियामक संस्थेची मान्यता मिळाली. रक्ताचे नमुने पुन्हा पुन्हा न घेता गाळण्याचा वेग मोजता येणे ही फार मोठी गोष्ट आहे, असे मी मानतो.

उत्तर २ (वैद्यकीय संवेदकांवर काम करणारा अभियंता)

त्वचेच्या रंगाबद्दलचा प्रश्न महत्त्वाचा आहे. रक्तातील प्राणवायू मोजणारा पल्स ऑक्सिमीटर दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरावर चालतो, आणि कमी झालेला प्राणवायू त्याच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये सुमारे तिप्पट असल्याचे अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात दिसले होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मेडिबीकनच्या पद्धतीत मात्र चमक किती आहे हे मोजत नाहीत. ती किती वेगाने ओसरते हे मोजतात. त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याने निम्मा प्रकाश गिळला, तर तो सुरुवातीलाही निम्मा गिळतो आणि दोन तासांनंतरही तितकाच. त्यामुळे घसरणीचा वेग तोच राहतो. अडचण येते ती संकेत क्षीण झाल्यामुळे गोंगाटाचा वाटा वाढण्याची.

याहून मोठ्या मर्यादा दोन आहेत. हा रेणू पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतो. ते पाणी साधारण १५ लिटर धरले, तर मिनिटाला १०० मिलिलिटर गाळणाऱ्या मूत्रपिंडांना रेणू निम्मा करायला सुमारे पावणेदोन तास लागतात, आणि २५ मिलिलिटर गाळणाऱ्यांना सात तास. म्हणजे मूत्रपिंड जितके आजारी, तितके उत्तर उशिरा. शिवाय अंगावर सूज असलेल्या रुग्णात पाणीच जास्त असते, म्हणून गाळणी तीच असूनही घसरण मंद दिसते.

उत्तर ३ (अतिदक्षता विभागातील परिचारिका)

मी डॉक्टर नाही, पण रोज जे करते ते सांगते. कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी) असलेल्या रुग्णाची लघवी आम्ही दर तासाला मोजून तक्त्यात लिहितो. ती सलग सहा तास शरीराच्या वजनाच्या किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसात तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर ती मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण मानतात. रात्री दोन रुग्ण एकाच वेळी बिघडले की नेमक्या याच नोंदी राहून जातात. युरोबॅग (लघवी जमा होणारी पिशवी) लोडसेलला, म्हणजे वजन मोजणाऱ्या संवेदकाला, टांगून वजन आपोआप नोंदवले गेले, तर आम्हाला खरोखर मदत होईल. फक्त नळीला झोळ पडला की लघवी तिथेच अडते, आणि पलंग हलवला की पिशवी झोके घेते, याचा विचार आधी करा. केवळ मोजण्यासाठी कोणालाही कॅथेटर घालू नये. त्यातून संसर्ग होतो.

विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. सिस्टर, आपले उत्तर वाचून आम्ही आज गटात चर्चा केली आणि घामाची पट्टी सोडून लोडसेलकडे वळायचे ठरवले. डॉक्टर, तासाला ३० मिलिलिटरची सूचना-घंटा सगळ्यांसाठी चालेल का?

उत्तर १ (मूत्रपिंडविकारतज्ज्ञ)

नाही, आणि आपल्या विदर्भात तर मुळीच नाही. इथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत. शरीरातले पाणी आटत असतानाही त्यांना भरपूर लघवी होते आणि तुमची घंटा गप्प राहील. स्नायू कमी असल्याने आणि मूत्रपिंडाच्या नलिका क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकत असल्याने त्यांचे क्रिएटिनिनही फसवे कमी दिसते, म्हणजे दोन्ही खुणा त्यांच्याच बाबतीत निकामी ठरतात. लघवी वाढवणारी औषधे चालू असलेल्यांच्या लघवीवरही असाच भरवसा ठेवता येत नाही. म्हणून उपकरणात रुग्णाचे वजन, सिकलसेल आहे की नाही आणि चालू औषधे भरण्याची सोय ठेवा, आणि ठरावीक मर्यादेबरोबर त्याच रुग्णाच्या मागील तासांशी तुलना दाखवा. प्रयोगशाळेत सलाईनच्या थेंबांवर आठवडाभर चाचणी घेऊन झोळाचा आणि झोक्यांचा प्रश्न आधी सोडवा. रुग्णाजवळ नेण्यापूर्वी नैतिकता समितीची परवानगी लागेल, तो अर्ज लिहायला मी मदत करीन.