‘आपल्याकडून’ म्हणजे नक्की कोणाकडून?

मालखाते: मी माल रवाना करणाऱ्या विभागात आहे. ग्राहकांना मराठीतून मेल मीच लिहितो. मागच्या आठवड्यात एकांना लिहिलं, “सदर नमुने आपल्याकडून गुरुवारपर्यंत पाठवण्यात येतील.” मला म्हणायचं होतं की नवे नमुने आम्ही पाठवतो. त्यांना वाटलं, त्यांच्याकडचे जुने नमुने परत मागितलेत. त्यांनी ते नीट बांधून पाठवलेसुद्धा! चार दिवस काम अडलं. शुद्धलेखन मी दोनदा तपासलं होतं, एकही चूक नव्हती. मग चुकलं कुठे?

अनुस्वार: ‘आपण’ या शब्दात. मराठीत तो दोन कामं करतो: आदरार्थी ‘तुम्ही’ आणि बोलणारा-ऐकणारा मिळून ‘आपण सगळे’. एरवी क्रियापद सांभाळून घेतं. ‘आपण पाठवाल’ म्हटलं की समोरचा, ‘आपण पाठवू’ म्हटलं की दोघं मिळून. पण तुम्ही ‘पाठवण्यात येतील’ लिहिलंत आणि तो आधारच गेला.

मी बरीच वर्षं पत्रं तपासते आहे. माझा स्वतःपुरता नियम असा, की पत्रात ‘आपण’ म्हणजे फक्त वाचणारा. आपली बाजू कायम ‘आम्ही’. ‘करण्यात येईल’ दिसलं की विचारायचं, कोण करणार? ‘कार्यालय दुपारी १ ते २ बंद ठेवण्यात येईल’ इथे ते चालतं, कारण कोण बंद ठेवतं याने वाचणाऱ्याचं काही अडत नाही. तुमच्या वाक्यात सगळं त्यावरच अडलं होतं.

आणि ‘सदर नमुने’ म्हणजे कुठले? जुने की नवे? ‘सदर’ लिहिलं की आपल्याला वाटतं नेमकं लिहिलं.

दरपत्रक: शुद्धलेखनालाही कमी लेखू नका. ‘दरपत्रकासोबत नमुना जोडा’ आणि ‘दर पत्रकासोबत नमुना जोडा’. एक जागा सुटली की प्रत्येक पत्रकाला नमुना! ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ची गल्लत तर रोजची. ‘तुमच्या तक्रारीवर कार्यवाही सुरू आहे’ म्हणजे काम चालू आहे; ‘तुमच्यावर कारवाई’ म्हटलं की माणूस घाबरतो. आणि कामाच्या मेलमध्ये ‘परवा’ लिहूच नये. तो मागचाही असतो, पुढचाही. मेल दोन दिवसांनी उघडला तर ‘उद्या’सुद्धा फसवतो. सरळ तारीख घाला.

मालखाते: हे कसं वाटतं? “नवे तीन नमुने आम्ही १२ जूनपर्यंत पाठवू. जुने नमुने तुमच्याकडेच ठेवा.”

अनुस्वार: पहिलं वाक्य जवळजवळ झालं. १२ला तुमच्याकडून निघणार की त्यांच्या हातात पडणार? ग्राहक ‘पोचणार’ असंच समजतो.

मालखाते: निघणार १०ला, पोचणार १२ला. मग “१० जूनला रवाना करू, १२ जूनपर्यंत तुम्हाला मिळतील.” पण साहेब म्हणतात ‘ठेवा’ उद्धट वाटतं, ‘ठेवण्यात यावेत’ लिही.

अनुस्वार: ‘कृपया तुमच्याकडेच ठेवा’ लिहा. आदर ‘कृपया’मध्ये आला आणि कोणी ठेवायचे तेही कळलं. ‘ठेवण्यात यावेत’ने कोणी ठेवायचे हे पुन्हा झाकलं जाईल. साहेबांना दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवा.