अपडेट मारलं आणि मशीन उठेना: तुमचे अनुभव सांगा

वरणभात_तूप
सकाळी सव्वासातला भाच्याचा फोन. "मामा, लॅपटॉप गेला." रात्री झोपताना लिनक्सचं अपडेट लावलं, सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि शेवटी 'कर्नेल पॅनिक', म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नेल) सुरू होतानाच अडकलेला. नऊला ऑनलाइन व्हायवा. कर्नेलपेक्षा पोरगाच जास्त पॅनिक. म्हटलं, बंद कर, चालू करताना एस्केप दाब, पण एकदाच. बडवत बसलास तर ग्रबच्या (कुठलं कर्नेल सुरू करायचं ते विचारणारा प्रोग्रॅम) प्रॉम्प्टवर जाऊन पडशील. मेनू आला की ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथली तिसरी ओळ, म्हणजे आधीचं कर्नेल. दुसरी रिकव्हरीची, ती नको. उठलं बाबा.

मग चहा ठेवला आणि 2010 आठवलं. होस्टेल, उबंटू 10.04 हे लिनक्स. कुठेतरी वाचून बूटसाठी, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फायलींसाठी, डिस्कवर वेगळं 100 एमबीचं पार्टिशन केलेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तेव्हा जुनी कर्नेलं आपली आपण निघत नसत, साठत गेली. एक दिवस नवं कर्नेल कसंबसं मावलं, पण त्याच्या जोडीची इनिटरॅमएफएस फाइल बनायला जागाच उरली नाही. आणि ती नसली की रूटची, म्हणजे मुख्य सिस्टिमची, डिस्क उघडायची कशी हे कर्नेलला कळत नाही. सबमिशनची आदली रात्र. रात्री अडीचला रूममेटने कूस बदलून एवढंच विचारलं, "प्रिंट काढल्यास ना?"

नव्हत्या काढल्या. अख्खी डिस्क फॉरमॅट मारली. त्याच मेनूत दोन ओळी खाली जुनं कर्नेल धडधाकट बसलेलं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. अजून पोटात कालवतं.

तुमचं सांगा. कमांडा देवनागरीत चालतील, मीही फोनवरच आहे.

काळा_पडदा
फक्त कर्सर लुकलुकत होता. तीन तास. बायको म्हणाली, टीव्ही बघितल्यासारखा काय बघतोयस.
ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाहेरून टाकलेला होता. नव्या कर्नेलसाठी तो ड्रायव्हर डीकेएमएस नावाचं साधन परत बांधतं, पण त्याला त्या कर्नेलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फायली) लागतात आणि ते मीच 'जागा खातात' म्हणून उडवलेले. ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (कर्नेला, ग्राफिक्सला हात लावू नकोस) लिहिलं तेव्हा 800 बाय 600 मध्ये का होईना, चित्र दिसलं. मोठमोठे आयकॉन, लहान मुलांच्या पुस्तकासारखे. पण काय सुंदर दिसलं म्हणून सांगू.

पुणे_सोलापूर_अपडाउन
माझा उलटा प्रकार. लॅपटॉप उठायचा व्यवस्थित, झोपायचाच नाही. झाकण मिटलं की झोपला अशी माझी समजूत. बसमध्ये सॅक मांडीवर, इंदापूरच्या आसपास मांडी भाजायला लागली. आधी वाटलं शेजारच्या काकांचा चहा सांडला. सॅक उघडली तर आत पंखा भणाणतोय आणि बॅटरी 92 वरून 11.

घरी येऊन सिस पॉवर मेमस्लीप ही झोपेचा प्रकार सांगणारी फाइल कॅट केली, म्हणजे उघडून वाचली. चौकोनी कंस, म्हणजे निवड, एसटूआयडलभोवती. म्हणजे पडदा बंद, बाकी मंडळी डुलक्या घेत जागीच. डीप, म्हणजे गाढ झोपेचा, पर्याय माझ्या मशीनमध्ये होता, पण अपडेटआधी तोच निवडलेला होता का, हे बघायची अक्कल तेव्हा नव्हती. ग्रबमध्ये मेम स्लीप डीफॉल्ट डीप लिहिलं, अपडेट ग्रब केलं, तेव्हापासून गार. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत मात्र फर्मवेअर (मशीनमधलं मुळातलं सॉफ्टवेअर) डीप देतच नाही, तिथे हा उपाय चालत नाही.

खवय्या_नं_1
@अपडाउन डबा त्याच सॅकमध्ये होता का? भाजी गरम राहिली असेल 😄

पुणे_सोलापूर_अपडाउन
शिकरण होतं. आंबलं.

खवय्या_नं_1
हहपुवा. शिकरण डब्यात कोण नेतं पण?

पुणे_सोलापूर_अपडाउन
आई द्यायची. विषय बंद.

रुळाशेजारी
आमच्याकडे पीसी रात्री दोनला आपोआप जागा व्हायचा. आईने नारळ ओवाळून टाकला. वायरलेस माउसचा तो छोटा रिसीव्हर असतो ना, तो मशीनला स्वतःला कीबोर्ड म्हणूनही सांगतो, आणि यूएसबी कीबोर्डला झोपेतून उठवायची परवानगी असतेच. मालगाडी गेली की टेबल थरथरायचं, माउस हलायचा, पीसी उठून बसायचा. रिसीव्हरच्या वेकअप फाइलमध्ये डिसेबल्ड लिहिलं आणि भूत गेलं. श्रेय नारळाला मिळालं.

इन्व्हर्टर_घ्या_इन्व्हर्टर
मला यातलं निम्मं कळत नाही, पण अपडेट चालू असताना लाइट गेली की काय होतं ते मला विचारा. डेस्कटॉप, बॅटरी नाही, पॅकेजं अर्धी उलगडलेली. जुन्या कर्नेलने उठवून सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए मारलं, राहिलेलं पूर्ण झालं. त्याच महिन्यात इन्व्हर्टर घेतला. ट्युब्युलर बॅटरीला पाणी किती दिवसांनी घालता तुम्ही लोक?

खवय्या_नं_1
दोन-तीन महिन्यांनी बघतो. डिस्टिल्डच घाला. साध्या पाण्याने आमची एक गेली.

आळशी_कासव
ऑक्टोबर 2022 आठवतो का कुणाला? 5.19.12 कर्नेलवर काही लॅपटॉपांचे पडदे लुकलुकायला लागले होते. पॅनेलला वीज देण्या-तोडण्याच्या वेळांत घोळ झालेला. पडदा कायमचा जाऊ शकतो, असा इशारा खुद्द ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडूनच आला आणि 5.19.13 मध्ये तो बदल मागे घेतला. माझा वाचला, कारण मी आठवडाभर अपडेटच केलं नव्हतं. आळसाचं इतकं रोख फळ आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

काळा_पडदा
@कासव +1. पण आळस फार ताणू नकोस, सुरक्षेचे पॅचही त्यातच येतात.

स्वॅपवाली_ताई
घाईत लिहितेय, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात. बूट व्हायला अर्धं मिनिट जास्त, आणि 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड रिझ्यूम डिव्हाइस'. स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नव्याने फॉरमॅट केलं होतं, त्याचा यूयूआयडी (ओळखीचा नंबर) बदलला, रिझ्यूमच्या, म्हणजे झोपलेलं मशीन कुठून उठवायचं ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये जुनाच राहिला. बिचारं मशीन नसलेल्या पाहुण्याची वाट बघत बसायचं. नंबर बदलून अपडेट इनिटरॅमएफएस चालवलं. मी मात्र आठवडाभर नव्या कर्नेलला शिव्या घातल्या. तिसरी झाली, पळते.

रुळाशेजारी
@वरणभात भाच्याचं काय झालं शेवटी?

वरणभात_तूप
व्हायवा झाली, बरी गेली म्हणतो. डीएफ डॅश एच करून डिस्कवर जागा किती ते बघायला लावलं, बूट पार्टिशन 100 टक्के भरलेलं. वेगळं पार्टिशन का केलंस विचारलं तर म्हणाला, "तुमच्याच जुन्या नोट्समध्ये लिहिलं होतं." 🤦
आत्ता मेसेज आलाय: 'मामा, ते जुनं कर्नेल उडवू का? जागा होईल.'

काळा_पडदा
नको!!!

स्वॅपवाली_ताई
अरे थांबवा त्याला. आधी यूनेम डॅश आर करून चालू कुठलं आहे ते बघायला सांगा.

आळशी_कासव
त्याला म्हणावं, काहीच करू नकोस. मी शिकवतो.

वरणभात_तूप
फोन लावतोय. एंगेज येतोय.