सॉल्टवॉटर टँकच्या वाळूवर लाल साय: रोज ओढते, रोज परत येते

सीवूड्स_टँक
नमस्कार मंडळी. अडीच फुटी टँक आहे, साधारण १५० लिटरचा. मुलाने अकरावीत असताना लावला. तो शिकायला बाहेर गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, मीच बघते. आत क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिंप, थोडे झोआंथिड आणि मशरूम कोरल.

जूनपासून वाळूवर आणि डावीकडच्या दगडामागे गडद लाल, मखमलीसारखी साय धरते. दुपारी तिच्यात बुडबुडे अडकलेले दिसतात. सायफन लावला की सलग पापुद्रा निघतो. सकाळी लाइट लागण्याआधी वाळू बरीच स्वच्छ असते, चार वाजेपर्यंत पुन्हा तेच.

टेस्ट: नायट्रेट ०, फॉस्फेट ०.२५, डेन्सिटी १.०२५, तापमान २७-२८. दुकानात एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) टाका म्हणाले. शेजारचे काका म्हणतात, खाडी एवढी जवळ आहे, तिथलं ताजं पाणी आणून बदला. क्लाउनफिशची जोडी मुलाने पॉकेटमनी साठवून घेतली होती, त्यामुळे काहीही करून बघायचं धाडस होत नाही.

कोपरी_मरीन
खाडीचं पाणी कृपा करून आणू नका. ठाणे खाडीत दोन्ही काठांचं सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात खारटपणा पार उतरतो. लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) तिथे येतात ते याच प्रकारच्या शेवाळावर चरायला! त्यांचं अन्न आपल्या टँकमध्ये कशाला?

घोडबंदर_रीफ
ताई, वर्णनावरून हे सायनोबॅक्टेरिया आहेत. त्यांना नीलहरित शेवाळ म्हणतात, पण जात जिवाणूंची. उजेडावर अन्न करतात, म्हणून दुपारी ऑक्सिजनचे बुडबुडे आणि रात्री ओसरणं. एक खात्री करून घ्या: पापुद्रा न निघता शेंबडासारख्या तारा लोंबत असतील तर ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट, वेगळे एकपेशीय जीव), त्यांचा उपाय वेगळा.

तुमचं नायट्रेट शून्य आहे, ही चांगली बातमी नाही. यातल्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू वापरू शकतात. नायट्रेट संपलं की बाकीचं शेवाळ उपाशी राहतं आणि फॉस्फेट मिळत असलं की ह्यांना मैदान मोकळं.

अँटिबायोटिक मी टाकणार नाही. तुमचा फिल्टर म्हणजे दगडातले जिवाणूच. औषधाने त्यांनाही झळ बसू शकते, साय एकदम मेली की ऑक्सिजन घसरतो, आणि मूळ कारण तिथेच राहतं.

आता तीन गोष्टी सांगा. पाणी कुठलं वापरता? खायला काय आणि किती? वेव्हमेकरचं (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड कुठे आहे?

सीवूड्स_टँक
पापुद्राच निघतो, तारा नाहीत. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं, वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी रोज दीड-दोन लिटर टॉपअपही त्याचंच. दिवसातून दोनदा फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), अख्खा क्यूब, वितळलेल्या पाण्यासकट. वेव्हमेकर उजवीकडे, समोरच्या काचेवर मारतो.

घोडबंदर_रीफ
सापडलं असं वाटतंय. पिण्याच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी आरओच्या पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर लावून बघा. आपल्याला शून्य हवं, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे). रोजच्या टॉपअपमध्ये वाफ होऊन पाणीच जातं, त्यातलं बाकी सगळं टँकमध्ये साठत राहतं.

क्यूब चहाच्या गाळणीत वितळवा, पाणी फेका, अर्धाच द्या. वेव्हमेकर दगडामागे वळवा, साय संथ जागा शोधते. आठवड्याला १५ लिटर पाणी बदला आणि सायफन त्याच वेळी सायवरच चालवा. फॉस्फेट एका झटक्यात शून्यावर आणू नका, हळूहळू ०.०५ च्या आसपास येऊ द्या. नायट्रेट ५ च्या जवळ असलेलं चालेल.

ऐरोली_सॉल्टी
मी याबरोबर तीन दिवस काळोख केला होता. लाइट बंद, टँकवर काळं कापड. मात्र स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप चालू ठेवा, मरणारी साय ऑक्सिजन खाते. चौथ्या दिवशी आधी पाणी बदला, मग लाइट. कोरलना तीन दिवसांनी काही झालं नाही.

सीवूड्स_टँक
पाच आठवड्यांनी लिहिते आहे. आरओचा टीडीएस ६८ निघाला! स्वयंपाकाला ठीक, पण मी तेच दीड वर्ष ओतत होते. डीआयचं भांडं जोडून घेतलं, आता शून्य येतं. क्यूब गाळणीतून अर्धा. मासे आधी काचेपाशी घुटमळायचे, आता सवय झाली. काळोखाच्या तीन दिवसांत रात्री उठून कापड वर करून श्रिंप बघत होते. ती ठीक होती.

फॉस्फेट ०.०८, नायट्रेट २. वाळू पांढरी दिसते, झोआंथिड पूर्ण उघडतात. दगडामागे तळहाताएवढा डाग अजून आहे, वेव्हमेकर आणखी थोडा खाली घेतला आहे. रविवारच्या पाण्याबरोबर तो ओढते आणि पुढच्या आठवड्यात कळवते.