निर्वासित बापलेकांवरचा लघुपट : शेवट ओढून आणल्यासारखा का वाटतोय?

पहिलाकट :
समुद्र ओलांडून आलेला बाप आणि त्याचा 8 वर्षांचा मुलगा. आई वाटेत बुडाली, पण ते मुलाला ठाऊक नाही. किनारा, नोंदणीचं टेबल, छावणीतली रात्र असे तीन प्रसंग आहेत. पहिलं संकलन 19 मिनिटांचं झालं. शेवटी बाप दोन मिनिटं रडतो आणि खाली व्हायोलिन वाजतं. पाहणारे गप्प होतात, पण आत काही हलत नाही. शिवाय दोघांच्या अंगावर चंदेरी फॉइलचं ब्लँकेट आहे, त्याच्या चुरचुरीत लेपल माइकवरचे (कपड्यांना लावायच्या छोट्या माइकवरचे) संवाद बुडालेत. पुन्हा शूट करायला एकच दिवस हाताशी आहे.

ध्वनीपट्टी :
ती चुरचुर सॉफ्टवेअरने काढायच्या भानगडीत पडू नका. फॉइलचा आवाज वरच्या पट्टीत पसरलेला असतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ हे वर्णही तिथेच ऐकू येतात. आवाज पुसायला गेलात की उच्चार बोथट होतात. किनाऱ्यावरचे संवाद डब करा, किंवा सरळ काढून टाका. भिजून गारठलेली माणसं तशीही फार बोलत नाहीत.

नव्या शूटला फॉइल आधी भरपूर चुरगाळून मऊ करा, क्लोजअपमध्ये खांद्याखाली सरकवा आणि बूम (लांब दांडीवरचा माइक) डोक्यावरून साधारण अर्धा मीटर अंतरावर धरा. प्रसंग संपला की फॉइलची हालचाल वेगळी रेकॉर्ड करा. त्याच जागेची निव्वळ शांतता 60 सेकंद घ्या, नाहीतर प्रत्येक कटला पार्श्वभूमी तुटलेली ऐकू येईल. फॉइलवर उजेड थेट पडला तर तिथे पांढरा डाग उरतो, म्हणून दिवा बाजूला घ्या आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) त्या चकाकीवर बेता.

कात्रीवाला :
दोष रडण्याच्या लांबीत नाही, जागेत आहे. प्रेक्षकाला ठाऊक, मुलाला नाही, म्हणजे सगळा ताण लपवण्यात आहे. बाप रडला की तो ताण संपतो.

तुमचा खरा प्रसंग नोंदणीच्या टेबलाशी आहे. तिथे नाव, जन्मतारीख, कुटुंबात किती माणसं अशी प्राथमिक माहिती विचारतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. देश का सोडला याची सविस्तर मुलाखत वेगळी आणि नंतर होते. 1951 च्या निर्वासितांविषयीच्या करारातली ‘छळाची सार्थ भीती’ तिथे तपासली जाते. बऱ्याच पटकथांत या दोन पायऱ्या एकाच टेबलावर उरकतात, आणि छावण्यांत काम केलेल्यांना ते लगेच खटकतं.

कारकून विचारतो, “किती जण?” बाप म्हणतो, “दोघं.” मुलगा चूक सुधारतो, “तीन.” इथेच थांबा. बापाच्या चेहऱ्यावर 10-12 सेकंद, संगीत नाही. मग थेट रात्र : बाप मुलाचे ओले बूट कागद कोंबून वाळवतोय. रडणं पूर्ण काढा, लघुपट आटोपशीर होईल.

छोटेकलाकार :
कात्रीवाल्यांचा प्रसंग मुलाकडून काढून घ्यायला सोपा आहे. त्याला आई गेल्याचं सांगायची गरजच नाही. “बाबा मोजायला चुकलाय, तू सांग” एवढीच सूचना द्या. घाबरवून रडवणं तर मुळीच नको. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि त्याचे क्लोजअप सकाळी सर्वांत आधी उरका. तीन-चार टेकनंतर तो पाठ केल्यासारखं बोलू लागेल. क्लॅप (शॉटची खूण म्हणून पाटी आपटणं) सुरुवातीला न देता टेकच्या शेवटी पाटी उलटी धरून द्या, म्हणजे तो दचकत नाही. भिजलेला दाखवायला केस आणि खांद्यांवर कोमट पाणी फवारा. कोरडे कपडे आणि पालक दोन्ही हाकेच्या अंतरावर हवेत.

सबटायटलचंही बघा : “तीन” हा शब्द अक्षरांत उच्चाराच्या आधी दिसला तर क्षण वाया गेला.

पहिलाकट :
मनापासून आभार, रडणं काढतोय. टेबलाशी दुभाष्या आहे. त्याच्या ओळी कशा लिहू? सध्या तो “हा म्हणतो की…” असं बोलतो.

कात्रीवाला :
तसं नको. व्यावसायिक दुभाष्या प्रथमपुरुषात बोलतो. बाप “दोघं” म्हणाला की तो सपाट आवाजात म्हणेल, “आम्ही दोघं आहोत.” ऐकलेलं काहीही गाळायचं नाही, हा त्याचा नियम असतो. त्यामुळे मुलाचं “तीन”ही त्याला कारकुनाला सांगावंच लागेल. तो बोलायच्या आधी दोन सेकंद थांबू द्या, आणि त्या वेळात कॅमेरा बापावरच राहू द्या.