खाजगी बस भंगारात काढा म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी साडेसातला पणजी स्टँडवर उभं राहून दाखवावं

सत्तरीची लेक:
काल इथे एकांनी लिहिलं, "गोव्यातल्या सगळ्या खाजगी बस भंगारात काढा, सगळे मार्ग कदंबला, म्हणजे सरकारी बस महामंडळाला द्या, कटकट मिटेल." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या बाबांची बस होती. एकच. वाळपई-साखळी-पणजी. आपल्याकडचे बहुतेक बसमालक असेच एक-दोन गाड्यांचे. ती कंपनी नसते, ते घर असतं. पहाटे बाबा गाडी सुरू करायचे, तोवर आई समोरची काच पुसून देवाच्या तसबिरीला अबोलीचा वळेसर घालायची. रात्री ताटाशेजारी कंडक्टरची पिशवी उलटी व्हायची. चिल्लर वेगळी, दहाच्या नोटा वेगळ्या. त्यातून डिझेल, दोघांची मजुरी, बँकेचा हप्ता, विमा, टायर. उरलं तर आमची फी. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि सकाळच्या फेरीची निम्मी माणसं गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी अंगणात उभी राहिली, सीटखाली उंदरांनी घर केलं, हप्ता मात्र थांबला नाही. पुढच्या वर्षी बाबांनी ती विकली. त्या वेळेला आजही दुसरी बस नाही.

बस स्टॉपवर रेंगाळते म्हणता. रेंगाळणारच! मालकाचं पोट भरलेल्या सीटवर अवलंबून आहे, घड्याळावर नाही. रिकामी गाडी वेळेवर सोडली तर डिझेलचे पैसे तुम्ही देणार का?

फोंडेकर:
कालचा तो मीच. बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण मी माझा शब्द मागे घेत नाही. फोंड्याच्या तिस्क नाक्यावर गाडी वीस मिनिटं हलत नाही. आरशात मागची गाडी दिसली रे दिसली की अशी सुटते की फर्मागुढीपासून पुढे दोघांची शर्यत. अशाच एका शर्यतीत ब्रेक दाबला आणि माझी आई इंजिनच्या बॉनेटवर आपटली. मनगट मोडलं. विचारायला गेलो तर म्हणाले, "तुमची आई आमच्याच गाडीत होती कशावरून?" तिकीट कुठे होतं आमच्याकडे! देतात का कधी तिकीट?

सत्तरीची लेक:
तिकीट द्यायलाच हवं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण शर्यत लागते कारण दोन परमिटांच्या वेळा पाच पाच मिनिटांवर लावल्या आहेत. त्या ड्रायव्हरने लावलेल्या नाहीत.

फोंडेकर:
आईचं मनगट वेळापत्रकाने मोडलं म्हणायचं का मग?

जुना विद्यार्थी, म्हापसा:
तिकिटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९७८-७९ चं अर्ध्या तिकिटाचं आंदोलन इथे कितीजणांना ठाऊक आहे? मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. विद्यार्थ्यांना निम्मं भाडं मिळावं म्हणून आम्ही रस्त्यावर बसलो, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. १९८० साली कदंब महामंडळ आलं ते त्याच्यापाठोपाठ. आणि आज कॉलेजचं पोर दिसलं की कंडक्टर गाडी पुढे नेऊन थांबवतो. चढलंच तर "बॅग काढ, फाटीं वच," म्हणजे मागे जा. अर्धं तिकीट देणारं गिऱ्हाईक नकोच असतं त्यांना.

मास्तरीण, डिचोली:
काका, बसला पोरं लोंबकळायचे दिवस गेले. माझ्या बारावीच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, बसने येणारी अकरा. बाकीच्यांना वडिलांनी स्कूटर घेऊन दिली, निम्म्यांकडे लायसन नाही. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एकाच्या घरी भेटायला गेले होते. हेल्मेट खुंटीला तसंच होतं, आणि त्याची आई माझ्याशी बोलताना पूर्ण वेळ त्या खुंटीकडे बघत होती. अर्ध्या तिकिटाचं काय घेऊन बसलात, आज पूर्ण तिकीट द्यायला तयार असलेल्या पोरालाही बस नाही.

जुना विद्यार्थी, म्हापसा:
मग त्या बापांना विचारा! अठराच्या आत चावी हातात दिली कोणी?

मास्तरीण, डिचोली:
हे मला सांगताय? मी त्या बापाला विचारलं नसेल असं वाटतं तुम्हाला? तो म्हणाला, "क्लास सात वाजता सुटतो बाई, नंतर पोरगा घरी कसा येणार?" द्या त्याला उत्तर.

स्कूटरवाला:
मीही स्कूटर चालवतो आणि मला त्याची लाज नाही. पणजी-म्हापसा शटल उत्तम आहे. खिडकीवर तिकीट काढा, गाडी भरली की सुटते, मध्ये कुठे थांबत नाही. पण म्हापशाहून माझ्या गावी रात्री काय? पणजी शहरात २०२४ पासून इलेक्ट्रिक बस धावतात, फोटो सगळे तिथलेच काढतात. गावातला माणूस स्कूटर घेतो, बसचं गिऱ्हाईक कमी होतं, मालक फेरी बंद करतो, मग आणखी एकजण स्कूटर घेतो.

जुना विद्यार्थी, म्हापसा:
मास्तरणीबाई, मी चढ्या आवाजात बोललो. सात वाजता क्लास सुटतो हे माझ्या ध्यानात नव्हतं. पण अर्ध्या तिकिटाचं मी सोडणार नाही.

फोंडेकर:
२०२३ साली 'म्हजी बस' योजना आलीच ना? खाजगी गाडी कदंबच्या वेळापत्रकावर चालवायची, मालकाला किलोमीटरमागे ठरलेले पैसे. हे आधीच केलं असतं तर रेंगाळणं, शर्यत काही उरलं नसतं.

सत्तरीची लेक:
अहो, मी काल रात्रीपासून दुसरं काय सांगतेय? गाडी मालकाची राहू दे, घड्याळ सरकारचं असू दे, आणि रिकाम्या फेरीचेही पैसे मिळू देत. तेही वेळेवर. एक गाडीवाला महिनाभर उधारीवर डिझेल घालू शकत नाही.

फोंडेकर:
ठीक. भंगारात काढा हे शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. ज्या गाडीत तिकीट मिळत नाही तिला सरकारचा एक पैसाही मिळता कामा नये.

सत्तरीची लेक:
चालेल. बाबांनाही चाललं असतं.

परिचारिका:
इतका वेळ नुसती वाचत होते. मी पणजीत एका इस्पितळात काम करते, घर साखळीच्या पलीकडे. ड्यूटी सातला सुटते, पण पेशंट दुसऱ्या सिस्टरच्या ताब्यात देईपर्यंत सव्वासात होतात आणि माझी बस तोवर गेलेली असते. यजमान रोज स्कूटर घेऊन माशेलपर्यंत येतात, पावसातसुद्धा. ताई, तुमच्या बाबांची शेवटची फेरी पणजीहून कितीला सुटायची?

सत्तरीची लेक:
सात चाळीसला.