घणसोलीत चार फुटी समुद्री टाकी: ड्रेनला एक पाईप की दोन? (बजेट 60 हजार)

घणसोलीचा_मासेवाला:
नमस्कार मंडळी. सात वर्षं गोड्या पाण्याचे मासे पाळले, आता रीफ (प्रवाळ आणि समुद्री माशांची टाकी) करायचं मनात आहे. माप 4 × दीड × दीड फूट, म्हणजे साधारण 255 लिटर. खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी: ड्रेनने पाणी खाली येणार, पंप ते वर चढवणार. टाकी, पंप, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), पाईप सगळं धरून 60 हजार. घर चौथ्या मजल्यावर. ड्रेनला एक पाईप ठेवू की दोन? किती इंची? प्लंबर सीपीव्हीसी लावू म्हणतोय, चालेल का?

पामबीच_रीफ:
60 हजारात रीफ होत नाही. माझी नेरूळला सहा फुटी आहे, नुसता स्किमर आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) मिळून तुमच्या बजेटच्या वर गेले. पण आज तीन वर्षं झाली, पाणी 26 अंशांवरून हललेलं नाही. मे महिन्यात आपल्याकडे हॉलमधलं पाणी 31-32 ला जातं. आधी चिलर घ्या, पाईप नंतर बघा.

पाईपकाका_ठाणे:
अहो, त्यांनी पाईप विचारलाय.

दोन ठेवा. दोन्ही सव्वा इंची. एक पूर्ण भरून वाहणारा, त्याला खाली गेट व्हॉल्व्ह. दुसरा थोडा उंच, कोरडा, फक्त पहिला तुंबला तर कामाला येणारा. याला हर्बी पद्धत म्हणतात, आवाज जवळपास येत नाही. बॉल व्हॉल्व्ह नको, केसभर फिरवला तरी पातळी वरखाली होते. सीपीव्हीसी चालेल, यूपीव्हीसीही चालेल. पण प्लंबरवर डोळा ठेवा. माझ्या पहिल्या टाकीला त्याने सवयीने पितळी टँक निपल (काचेच्या होलमध्ये बसणारा पाईपचा जोड) बसवलं. पितळेत तांबं असतं. पंधरा दिवसांत सगळ्या कोळंब्या गेल्या, गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. मला वाटलं मिठात खोट आहे, दोन बादल्या फेकून दिल्या. निपल, व्हॉल्व्ह, स्क्रू, सगळं प्लास्टिकच. नागदेवी स्ट्रीटला एकाच फेरीत मिळतं.

आणि होल पाडायच्या आधी काच टफन्ड नाही ना, हे विचारा. टफन्ड असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होईल.

अलिबाग_रिटर्न:
मीठ विकत कशाला घेता? मी अलिबागहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणतो. फुकट.

पामबीच_रीफ:
पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी पातळ होतं. 35 ची क्षारता (किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार) कुठून आणणार? आणि आपल्या ठाणे खाडीचं तर नावच नको.

अलिबाग_रिटर्न:
खाडीचं कोण म्हणतंय? मी अलिबाग म्हटलं. पावसाळ्यासाठी मे मध्येच साठवून ठेवतो.

समुद्रवेडी:
दादा, पाईप एक की दोन यापेक्षा लाइट गेल्यावर काय होतं ते आधी बघा. माझी टाकी तुमच्याच मापाची. रिटर्न पाईपचं, म्हणजे पंपाचं पाणी वर टाकीत सोडणाऱ्या पाईपचं, तोंड पाण्याखाली 10 सेंमी होतं. पंप थांबला की तोच पाईप उलटा ओढतो, तोंडाला हवा लागेपर्यंत. तुमच्या मापात दर सेंटिमीटरला साडेपाच लिटर धरा. माझे 55 लिटर खाली आले, सम्पमध्ये जागा 30 ची. उरलेलं हॉलमध्ये. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह होता हो! उघडून बघितला तर पडद्यात तांदळाएवढं गोगलगाईचं पिल्लू अडकलेलं. आम्ही नाशिकला होतो. खालच्या काकूंच्या पीओपीवरचा पिवळा डाग मी स्वखर्चाने रंगवून दिला, तरी त्या वर्षभर लिफ्टमध्ये बोलत नव्हत्या.

आता तोंड पाण्याखाली जेमतेम एक सेंमी, आणि सम्प कायम अर्धा रिकामा.

पाईपकाका_ठाणे:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. शिवाय दोन्हीकडे युनियन (फिरवून सुटणारा जोड) लावा, नाहीतर पंप साफ करायला पाईप कापावा लागेल. पंपाच्या डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुम्हाला वर तासाला 1300 लिटर पोचायला हवेत, म्हणून 2500 चा घ्या.

ऐरोली_1979:
रीफ म्हणताय, पण कोरल कुठून आणणार? कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, काळं प्रवाळ हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. दुकानदार सांगणार नाही, पण घरात ठेवणाराही अडकतो.

पामबीच_रीफ:
सगळेच ठेवतात.

ऐरोली_1979:
सगळे ठेवतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. नवीन माणसाला हे आधी सांगायला हवं.

समुद्रवेडी:
मी क्लाऊन, गोबी हे मासे आणि कोळंब्या ठेवते. दगड सिरॅमिकचे. चार वर्षांत एकदाही उणीव वाटली नाही.

खारघर_नवखी:
मी पण हेच विचारणार होते. एक पाईप चालतो की दोन?

पाईपकाका_ठाणे:
दोन. वर लिहिलंय.

घणसोलीचा_मासेवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. समुद्रवेडी ताईंचं वाचलं आणि संध्याकाळी खालच्या घरी जाऊन आलो. आमच्या टाकीच्या जागेच्या बरोब्बर खाली तिथल्या आजींचा पलंग आहे. त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत. रात्रभर तेच डोळ्यांसमोर होतं.

ठरलं. सम्प नाही, होल नाही. अडीच फुटी टाकी, 75 × 45 × 45, साधारण दीडशे लिटर, मागच्या कप्प्यातच स्किमर, हीटर आणि पंप. लाइट गेली तरी पाणी काचेच्या आतच राहील. कोरलही नाही, क्लाऊनची जोडी आणि कोळंब्या.

पामबीच_रीफ:
पस्तावाल. सहा महिन्यांत मोठी हवीशी वाटेल.

पाईपकाका_ठाणे:
मी असतो तर दोन पाईपच टाकले असते, जागा बदलून. पण ठीक. मागच्या कप्प्यात पाणी कमी, उन्हाळ्यात रोज लिटरभर उडेल आणि पंप कोरडा चालेल. फ्लोट लावून आपोआप भरायची सोय पहिल्या दिवसापासून करा. भरायचं ते बिनमिठाचं, मीठ उडत नाही. किचनच्या आरओपुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणारी गाळणी) जोडून टीडीएस शून्यावर आणा.

घणसोलीचा_मासेवाला:
नक्की काका. उद्या काचवाल्याला माप देतो. मागचा कप्पा 12 सेंमीचा ठेवत होतो, आता 15 करतो.